रात्री रंगायतन, सकाळी सातवी ब: नाट्यगायकांनी शाळेत शिकवायला जाताना

संगीत नाटकात किंवा नाट्यपदांच्या कार्यक्रमात मानधन घेऊन गाणाऱ्या आणि आता ठाणे-नवी मुंबईतल्या शाळांत शिकवायला जायचं मनात असलेल्या गायक-गायिकांसाठी हा लेख आहे. परदेशात ऑपेरा गाणारे बरेच जण हंगामात रंगमंचावर असतात आणि एरवी शाळांमध्ये शिकवतात. आपल्याकडे अशी घडी बसलेली नाही. त्यामुळे शाळा गायकाला एकतर पाहुणा म्हणून बोलावते (शाल, श्रीफळ, दोन पदं, चहा), नाहीतर रजेवरच्या संगीतशिक्षकाच्या जागी उभं करते. दोन्ही ठिकाणी आपलं खरं भांडवल वाया जातं. पात्र बोलता बोलता गायला का लागतं, शब्द शेवटच्या रांगेपर्यंत कसा जातो, साथ थांबली तरी लय कशी धरून ठेवायची, या गोष्टी आपण रोज करतो. मुलांकडून नेमक्या याच करून घ्यायच्या. अलंकार आणि सरगम शाळेचे शिक्षक शिकवतात, ते पुन्हा शिकवायला जाऊ नये.

शाळा कशी गाठायची

जूनच्या मध्याला शाळा सुरू होते आणि पहिले दोन आठवडे वह्या-पुस्तकं, वर्गवाटप, पालकसभा यांतच जातात. मुख्याध्यापकांना भेटायचं ते जूनच्या शेवटी. कामाचे काळ दोन: जुलै-ऑगस्ट, म्हणजे गणपतीच्या सुट्टीआधी, आणि दिवाळीनंतरचा नोव्हेंबर. डिसेंबरमध्ये स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या की तासिका कुणाच्याच हातात राहत नाहीत. फेब्रुवारीनंतर तर विचारूच नका.

मराठी माध्यमाच्या शाळेत थेट मुख्याध्यापक किंवा पर्यवेक्षकांकडे जा. इंग्रजी माध्यमाच्या शाळा नवी मुंबईत जास्त आहेत आणि तिथे संगीतशिक्षकापेक्षा मराठीच्या शिक्षकांना गाठणं फायद्याचं ठरतं. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं झालं आहे. वर्गात तमिळ, मल्याळी, हिंदी घरांतली मुलं बसलेली असतात आणि मराठीच्या बाईंना काहीतरी जिवंत हवंच असतं. त्यांची तासिका मिळाली की अर्धं काम झालं. महापालिकेच्या शाळांमध्ये मुख्याध्यापकांची इच्छा पुरत नाही, शिक्षण विभागाचं परवानगीपत्र लागतं आणि त्याला वेळ लागतो. तो अर्ज उन्हाळ्यातच टाकून ठेवा.

प्रस्ताव एका पानाचा असावा. कोणत्या इयत्तेसाठी, किती तासिका, मुलं शेवटी काय करून दाखवतील, शाळेकडून काय लागेल (सतरंजी, एक प्लग, वर्गशिक्षकांची उपस्थिती), मानधन किती. कुठे कुठे गायलात याची यादी चार ओळींत आटपा. विशारद असाल तर लिहा, पण पाहुण्या कलाकाराला सहसा त्या कागदावरून कोणी जोखत नाही.

सोबत पॅनची प्रत, आधारची प्रत आणि पोलिसांकडचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र जोडा. प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो. काही शाळा ते मागत नाहीत, तरी स्वतःहून द्या. मुलांशी वागण्याचे तीन नियम ठरवून टाका: वर्गशिक्षक वर्गात असल्याशिवाय शिकवायचं नाही, पोटावर-पाठीवर हात ठेवून श्वास दाखवायचा नाही (स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवा, मुलं आपापल्या ठेवतील), आणि शाळेच्या लेखी परवानगीशिवाय मुलांचा एकही फोटो किंवा व्हिडिओ काढायचा नाही. गुरुकुलात शिकलेल्यांचा हात दुसऱ्या नियमात नकळत पुढे जातो. सांभाळा.

मानधन ठरवताना तासाचा भाव सांगू नका. ३५ मिनिटांच्या एका तासिकेसाठी ठाण्याहून नेरूळला जाऊन येण्यात सकाळ संपते. एका खेपेत दोन वर्ग, लागोपाठच्या तासिका मिळत असतील तरच हो म्हणा आणि खेपेचा आकडा सांगा. त्यात तयारी, प्रवास आणि साथीदार धरलेला असू द्या. शाळेकडून किंवा संस्थेकडून वर्षाला ठरावीक रकमेच्या वर पैसे आले, तर व्यावसायिक मानधनावर १० टक्के टीडीएस कापला जातो. तो विवरणपत्र भरल्यावर हिशेबात धरला जातो, म्हणून बिलावर पॅन हवाच. ‘मुलांसाठी आहे, समजून घ्या’ असं कुणी म्हणालं तर एखादी खेप विनामूल्य द्या, सगळी मालिका नको.

पद निवडताना

पहिल्या मालिकेसाठी एकच पद घ्या. आमची शिफारस नांदीची, म्हणजे नाटकाच्या सुरुवातीच्या वंदनपदाची आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’ची नांदी, ‘पंचतुंड नररुंडमालधर’. या नाटकाचा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. नांदी समूहाने गायची असते, त्यामुळे एकट्याने गाण्याची भीती राहत नाही. पाच तोंडं आणि गळ्यात कवट्यांची माळ म्हटल्यावर सहावीतला कुठलाही मुलगा कान टवकारतो. शिवाय ‘विघ्नवर्गनग भग्न कराया’ ही ओळ जिभेचा असा व्यायाम करून घेते की वेगळा शोधायला नको.

ती शिकवायची रीत अशी. ओळ गाऊ नका, कुजबुजा. कुजबुजताना ‘घ्न’मधला घ किंवा ‘ग्न’मधला ग खाल्ला तर लगेच कळतं, आणि बहुतेक मुलं तो खातातच: ‘विन्न’, ‘भन्न’. मग तुकडे करा: विघ्न, वर्ग, नग. विघ्नांच्या जमावाचा डोंगर, हे फळ्यावर काढून दाखवा. नंतर चार वेगांत कुजबूज, मग एका स्वरावर, मग चालीत. मुलं चालीत चुकली तर बहुतेक वेळा चूक शब्दातच असते. चाल पुन्हा पुन्हा घोटून ती सुटत नाही.

शृंगाराची पदं वर्गात टाळलेली बरी. वर्गशिक्षक अवघडतात, मुलं खिदळतात आणि तासिका हातची जाते.

ऑपेरा शिकलेल्यांनी हाच आराखडा वापरावा. बिझेच्या ‘कार्मेन’च्या पहिल्या अंकात पहारा बदलताना शिपायांच्या मागे चालणाऱ्या मुलांचा कोरस आहे. तो खरोखरच मुलांच्या गळ्यासाठी लिहिला आहे. त्यातला एखादा तुकडा घ्या आणि वर्गात चालत गायला लावा. एखादा मोठा आरिया (ऑपेरातलं एकट्याचं गाणं) ऐकवून थक्क करण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

पट्टी: इथे बहुतेक जण अडखळतात

तुमची पट्टी, म्हणजे पेटीवरच्या ज्या स्वराला तुम्ही सा धरता ती, मुलांना चालत नाही. तिसरी ते सहावीतल्या मुलामुलींचा आरामाचा पल्ला पेटीवर साधारण मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून (सप्तकातली पहिली पांढरी पट्टी) पुढच्या सप्तकातल्या पांढरी एक किंवा दोनपर्यंत असतो. याच्या खाली मुलं गुरगुरतात आणि याच्या वर ओरडतात.

म्हणून आधी पदाची व्याप्ती बघा, म्हणजे सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर, आणि मग सा ठरवा. पद मध्य सा ते तार सा एवढ्यात फिरत असेल तर मधल्या सप्तकातली पांढरी एक ते पांढरी दोन यांच्यामध्ये सा धरा. मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापासून मध्य पंचमापर्यंत असेल तर सा पांढरी चारला न्या. मंद्र प तेव्हा मधल्या पांढरी एकवर येतो आणि वरचा प पुढच्या पांढरी एकवर, म्हणजे दोन्ही टोकं पल्ल्यात बसतात. तबलजी कुरकुरेल, कारण त्याने तबला पांढरी एकला लावून आणलेला असतो. असू दे. पांढरी एक हा तुमचा पंचम आहे, चालतो.

काळी चार-पाचला गाणाऱ्या गायिकांचं काय होतं, ते बघा. त्यांचा मध्य सा पेटीवरच्या मधल्या पांढरी एकच्या खाली असतो. त्यांना तो सुखाचा, मुलांना तो तळाशी. मुलं सा लावायला हनुवटी छातीला टेकवतात, आवाज पुटपुटल्यासारखा होतो, बाई म्हणतात ‘मोठ्याने म्हणा’, आणि मग वर्ग बोलण्याच्या आवाजात ठोकायला लागतो. गायिकेने चार-पाच स्वर वर सरकावं. तिला ते अवघड जाईल, पण ती रंगमंचावर गात नाहीये.

पुरुष गायकाची अडचण निराळी. काळी एकला तो गातो तेव्हा मुलं आपोआप एक सप्तक वर गातात आणि बरोबर बसतात. पण दोन-चार मुलं (बहुधा मुलगे) सरांच्याच आवाजात गायचं म्हणून खाली घसरतात आणि घोगरा, बेसूर आवाज काढतात. ती बेसूर नसतात, चुकीचं सप्तक धरतात. उपाय सोपा: ज्या मुलाला नीट जमलं त्याला पुढे उभं करा आणि बाकीच्यांना त्याच्यामागून म्हणू द्या. मूल मुलाचा स्वर पटकन उचलतं.

सातवी ते नववीतल्या मुलग्यांचा आवाज फुटत असतो. त्यांचा पल्ला काही महिने चार-पाच स्वरांवर येतो आणि तोही दर पंधरवड्याला बदलतो. त्यांना गप्प बसवू नका आणि जुन्या पट्टीत ताणूही नका. त्यांना सा-पचा खर्ज द्या, ठेका द्या, सूत्रधाराचं गद्य द्या. ‘गाता येत नाही’ हा शिक्का याच वयात बसतो आणि तो कायमचा राहतो.

चार तासिका

३५ मिनिटांची तासिका अशी वाटा: ३ मिनिटं बसण्याची, ४ मिनिटं तुमच्या गाण्याची, १८ मिनिटं मुलांच्या कामाची, ७ मिनिटं त्यांनी एकमेकांना दाखवण्याची, ३ मिनिटं आवरण्याची. तुमचं गाणं ४ मिनिटांच्या वर गेलं की वर्ग प्रेक्षक होतो आणि पुन्हा कामाला लागत नाही. रंगमंचाचा पूर्ण आवाज वर्गात एकदाच लावा, तोही मागच्या भिंतीजवळ उभं राहून. पहिल्या बाकापासून दोन हातांवर लावला तर समोरची मुलं कानांवर हात ठेवतात.

पहिली तासिका: गायचं कशाला? ‘आई, मला उशीर होतोय’ हे वाक्य रागाने, रडकुंडीला येऊन, मस्का मारत म्हणायला लावा. मग तेच एका स्वरावर, मग दोन स्वरांवर. ऑपेरात संवादसुद्धा असे गायले जातात आणि आपल्या संगीत नाटकात गद्य चालू असतं, भावना चढली की पद येतं, हे इथेच सांगून टाका. ठाण्याचं गडकरी रंगायतन आणि वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह मुलांनी बाहेरून पाहिलेलं असतं, पण ही नावं कुणाची हे माहीत नसतं. भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ हे नाटक उभं केलं, एवढं एक वाक्य पुरे. शेवटी नांदीची पहिली ओळ.

दुसरी तासिका नांदीच्या शब्दांची आणि लयीची. वर सांगितलेली कुजबूज इथे येते. अर्धा वर्ग गातो, अर्धा मांडीवर लय धरतो. टाळ्या नकोत. चाळीस मुलांनी टाळ्या वाजवल्या की दहा आवर्तनांत लय दीडपट होते आणि गाण्याचा आवाज बुडतो. मांडीवर थाप मारली तर आवाज कमी येतो आणि हात जड असल्याने लय पळत नाही.

तिसरी तासिका सर्वांत रंगते: मुलांनी स्वतः दिंडी लिहायची, म्हणजे मात्रा मोजून त्या वृत्तातली ओळ रचायची. किर्लोस्करांच्या काळच्या नाटकांत साकी, दिंडी, कामदा भरपूर होत्या आणि त्यांतली दिंडी मुलांना लवकर जमते. एका ओळीत १९ मात्रा, ९ नंतर थांबा, मग १०. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन, अनुस्वार आला किंवा पुढे जोडाक्षराचा आघात आला तरी दोन. ओळीच्या शेवटी दोन दीर्घ अक्षरं. फळ्यावर नमुना लिहा (मासुंदा म्हणजे ठाण्यातला तलाव):

निळा मासुंदा, काठ गजबजे हा

नि १, ळा २, मा २, सुं २, दा २: झाले ९. का २, ठ १, ग १, ज १, ब १, जे २, हा २: झाले १०. ‘गजबजे’मध्ये ग, ज, ब भराभर जातात आणि ‘जे हा’वर ओळ टेकते, हे त्यांच्याकडून म्हणवून घेऊन दाखवा. मग पाच-पाच जणांचे गट करून प्रत्येकाला एक ओळ: शाळेची बस, डबा, खाडीवरचा पूल, काहीही. पहिल्या प्रयत्नात कुणाच्या १६ होतात, कुणाच्या २३. बोटांवर मोजून कापाकापी सुरू झाली की वर्गात जो गलबला होतो तो होऊ द्या. अर्थ साधला पण मात्रा चुकल्या तर ती ओळ दुसऱ्या गटाला दुरुस्तीला द्या. मराठीच्या बाईंना मात्रावृत्त शिकवायचंच असतं, त्या इथे मनापासून सामील होतात.

ऐरोली, दिवा, बेलापूर या बाजूच्या शाळांत आगरी-कोळी घरांतली मुलं असतात. त्यांच्या आज्या लग्नात धवले म्हणतात. ‘घरी कोण गातं?’ एवढं विचारा आणि थांबा. एखादी मुलगी हळूच दोन ओळी म्हणते, आणि त्या वर्गाचा तुमच्याकडे बघण्याचा नूर बदलतो. मात्र ते गाणं लगेच पेटीवर बसवून ‘सुधारायला’ जाऊ नका.

चौथी तासिका सादरीकरणाची. नांदी, मग सूत्रधार आणि विदूषकाचं दोन मिनिटांचं गद्य, मध्ये दोन दिंड्या. प्रेक्षक म्हणून शेजारचा एकच वर्ग बोलवा. पोशाख नको, उपरणं आणि टोपी पुरे.

काय बिघडतं

तान घेतली की मुलं हसतात. हमखास. त्यांच्या कानावर तो आवाज नवा असतो, अपमान करायचा नसतो. ‘करून दाखवा बघू’ म्हणा. दोन मिनिटं सगळे घशातून चित्रविचित्र आवाज काढतील, मग जमत नाही हे कळल्यावर नीट ऐकतील.

‘जोरात म्हणा’ हे शब्द वर्गात वापरू नका. मुलं मान ताणून किंचाळतात. ‘त्या खिडकीबाहेरच्या झाडाला ऐकू जाऊ दे’ म्हटलं की तोंड उघडतं, श्वास आधी घेतला जातो आणि शब्द लांब जातो.

वर्गशिक्षक मागे बसून वह्या तपासतात. त्यांच्यावर कामाचा डोंगर असतो, राग धरू नका. पण पहिल्याच तासिकेत त्यांना काहीतरी द्या: गट पाडणं, मात्रा मोजणं, विदूषकाची भूमिका. बाई विदूषक झाल्या की वर्ग तुमचा.

पेटी नेणं कटकटीचं आहे. ठाणे-वाशी गाडीत सकाळी पेटी घेऊन चढणं म्हणजे शिव्या खाणं. मोबाइलवरचा तानपुरा, छोटा ब्लूटूथ स्पीकर आणि एक झांज पुरते. शाळेत पेटी असतेच, पण तिचे एक-दोन स्वर बोलत नाहीत आणि भाता फुटका असतो. आदल्या खेपेला वाजवून बघा, तिच्या भरवशावर राहू नका.

तुमचा स्वतःचा गळा

शाळेत गळा बसतो तो गाण्याने कमी, बोलण्याने जास्त. चार पंखे, बाहेर रिक्षा, शेजारी पाढे, आणि त्यावरून तुम्ही बोलता, तेही खालच्या स्वरात घसा दाबून. शिकवणीवाले वापरतात तो कमरेचा स्पीकर आणि डोक्याचा माइक घ्या आणि बोलण्यापुरता वापरा. वर्ग शांत करायला आवाज चढवू नका. झांजेचा एक ठोका ठरवून ठेवा: वाजली की सगळ्यांनी तिचा नाद विरेपर्यंत ऐकायचं.

रात्री साडेआठचा प्रयोग असेल तर घरी पोचायला एक वाजतो. दुसऱ्या दिवशी सकाळची तासिका घेऊ नका, हे वेळापत्रक ठरवतानाच शाळेला सांगा. शनिवार-रविवार प्रयोगांचे असतात, म्हणून सोमवार मोकळा ठेवा. दोन तासिकांच्या मध्ये ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ दोन-तीन सेंटिमीटर बुडवून, बुडबुडे काढत हुंकार भरा, खाली-वर, तीन ते पाच मिनिटं. स्वररज्जूंवरचा ताण त्याने उतरतो. गरम चहा आणि खडीसाखर घशाला बरी वाटते, पण ती स्वररज्जूंपर्यंत पोचत नाही. घोगरेपणा दोन-तीन आठवडे टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने तपासून घ्या.

संमेलनाची मागणी आली की

तिसऱ्या तासिकेनंतर मुख्याध्यापक म्हणणारच, ‘हे स्नेहसंमेलनात करूया, आणखी दोन पदं बसवा.’ होकार द्यायचा असेल तर तालमींचं मानधन वेगळं ठरवा आणि पदं विचार करून निवडा. कवी आणि संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. किर्लोस्कर १८८५ साली गेले, ‘मानापमान’चे खाडिलकर १९४८ साली आणि त्या पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ साली. ही पदं मोकळी आहेत. ‘मत्स्यगंधा’ (१९६४) किंवा ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) यांना संगीत देणारे जितेंद्र अभिषेकी १९९८ साली गेले, त्या चालींवर हक्क चालू आहे. शाळेच्या कार्यक्रमात शिक्षक, विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर मुलांनी गायला कायद्यात सूट आहे. तिकीट लावलं किंवा चित्रण यूट्यूबवर चढवलं की ती सूट धरू नका. तयार ध्वनिमुद्रित साथ लावली तर तिचा हक्क आणखी वेगळा असतो.

सभागृहातला माइक मुलांच्या तोंडाला टेकवू देऊ नका. चाळीस मुलांच्या नांदीला समोर पाच-सहा फुटांवर उभे केलेले दोन माइक पुरतात. ध्वनिव्यवस्थेवाल्याला ते आधी सांगा, कारण तो सवयीने हातातला एकच माइक देतो आणि मग सगळ्या वर्गातून एकाच मुलाचा आवाज ऐकू येतो. कार्यक्रमाच्या दिवशी मुलांना सकाळपासून तालीम करायला लावतील. दुपारनंतर गाऊ देऊ नका, फक्त शब्द कुजबुजू द्या.